आईचा पावसाळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मूल जन्माला आलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मुलगा की मुलगी, हा पहिला. कधी झालं, हा दुसरा. हिंदू घरात तिथी-नक्षत्र पाहतात. आमच्या मुसलमान घरांतली म्हातारी माणसं ‘चाँद कोणता?’ म्हणून विचारतात. मग कुणी सांगतं, अमावास्येचं पोर आहे, सांभाळा. कुणी सांगतं, मूळ नक्षत्र आहे, शांत करून घ्या. आणि पुढे त्या पोराचं काही बरंवाईट झालं, तर या सगळ्याचा बोल फिरून फिरून येतो तो आईवरच. तिचाच पायगुण, तिचंच नशीब.

जन्माच्या महिन्याचा आणि पुढच्या आयुष्याचा काही संबंध असतो का? शिकलेला माणूस या प्रश्नावर हसतो आणि ‘छे’ म्हणतो. पण १९९७ साली ‘नेचर’ या नामांकित विज्ञान नियतकालिकात एक छोटासा लेख आला. त्यानं असं हसणाऱ्यांना थोडं थांबायला लावलं. आफ्रिकेतल्या तीन खेड्यांतल्या माणसांचा जन्माचा ऋतू आणि त्यांचं तरुण वयातलं मरण यांचा संबंध असल्याचं त्यात आकड्यांनिशी दाखवलं होतं.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं. प्रयोगशाळेची पायरी मी कधी चढलो नाही. पण त्या लेखामागची गोष्ट मला फार जवळची वाटली, कारण ती गोष्ट पावसाळ्याची आहे, भाताच्या खाचरांची आहे आणि दोन जिवाच्या बायकांची आहे. आज तीच आपल्याला सांगायची आहे.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. नदीच्या दोन्ही काठांनी जेवढी जमीन, तेवढाच देश. १९६५ साली तो इंग्रजांच्या राज्यातून मोकळा झाला. वस्ती बहुतेक मुसलमानांची, पीक भुईमुगाचं, भाताचं आणि भरडधान्याचं. तिथल्या केनेबा नावाच्या खेड्यात १९५०च्या सुमारास इयान मॅकग्रेगर नावाचे एक तरुण ब्रिटिश डॉक्टर येऊ लागले. हिवताप आणि इतर परोपजीवी रोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पण त्यांनी एक साधं काम नेमानं केलं. गावातल्या प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत शेजारच्या मंडुआर आणि कांटोंग कुंडा या खेड्यांतही चालू राहिली.

सुरुवातीच्या वर्षांत या नोंदवह्या म्हणजे दुःखाचीच खातेवही होती. जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी पाच वर्षांची व्हायच्या आत जात. १९७४ नंतर केंब्रिजच्या आहारशास्त्रज्ञांनी तिथे कायमचं केंद्र उभारलं, दवाखाना सुरू झाला आणि बालमृत्यू झपाट्यानं उतरले. पण वह्या लिहिणं थांबलं नाही. जवळपास अर्धं शतक गेलं आणि त्या वह्यांत ३,१६२ माणसांची जन्मतारीख जमा झाली.

सोफी मूर, अँड्र्यू प्रेन्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी ऋतुमानाप्रमाणे दोन भागांत लावल्या. एकीकडे जानेवारी ते जून या सुगीनंतरच्या महिन्यांत जन्मलेली माणसं, दुसरीकडे जुलै ते डिसेंबर या काळात जन्मलेली. लहानपणी दोघांच्या जगण्यामरण्यात फारसा फरक नव्हता. पंधराव्या वर्षाच्या आसपास मात्र दोन रेषा वेगळ्या होऊ लागल्या. पंचविशी ओलांडलेल्यांत, टंचाईच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा अकाली मृत्यू होण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दहापट दिसली. त्यातले बरेचसे मृत्यू संसर्गाचे किंवा संसर्गाशी जोडलेल्या आजारांचे होते. म्हणजे आईच्या पोटात असताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्या मुलांच्या रोगप्रतिकारशक्तीच्या पायालाच काही झालं असावं, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला.

आता कुणी म्हणेल, मग आमचा पंचांगवाला काय वेगळं सांगत होता? तोही म्हणतो, वेळ वाईट होती. शास्त्रज्ञही म्हणतात, वेळ वाईट होती. फरक पुढच्या प्रश्नात आहे. पंचांगवाला ‘वेळ वाईट’ एवढं सांगून दक्षिणा घेतो. शास्त्रज्ञ विचारतो, त्या वेळेत नेमकं काय होतं?

केनेबाच्या पावसाळ्यात काय होतं, ते आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. साधारण जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत राहतो. मागच्या सुगीचं धान्य तोवर तळाला गेलेलं असतं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागतो, तसंच. तिथले लोक त्या महिन्यांना सरळ ‘भुकेचा हंगाम’ म्हणतात. आणि नेमकं तेव्हाच शेतात सगळ्यांत जास्त काम असतं. भुईमूग पुरुषांचा, भात बायकांचं, अशी तिथली जुनी वाटणी. भात बायकांचं म्हटल्यावर चिखल त्यांचा, लावणी त्यांची, वाकलेली कंबरही त्यांचीच. सातवा महिना असो की आठवा, खाचर कुणासाठी थांबत नाही. खाणं सर्वांत कमी आणि कष्ट सर्वांत जास्त, असे ते तीन-चार महिने. केनेबाच्या केंद्रातल्या वजनकाट्यावर हे स्पष्ट दिसत होतं. त्या दिवसांत गरोदर बायकांचं वजन जेवढं वाढायला हवं तेवढं वाढत नसे आणि बाळंही लहान जन्मत.

आम्ही कवींनी पावसाळ्याला फार लाडावून ठेवलं आहे. मृद्गंध, मेघ, मोर, मल्हार. मराठीत काय आणि उर्दूत काय, बरसातीची कविता खिडकीत बसूनच जास्त लिहिली गेली. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या पोटुशी बाईचा पावसाळा तिच्या ओवीत आला असेल तेवढाच. मोठ्या कवितेत तो फारसा आला नाही.

भूक आणि कष्ट यांच्या जोडीला तिसरा पाहुणा येतो, डास. पाऊस मुरला, डबकी साचली की हिवताप सुरू. मॅकग्रेगर यांनी गांबियातल्या बाळंतिणींच्या वारेची तपासणी केली आणि त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध केले. हिवतापाचे जंतू वारेत दडून बसलेले सापडत आणि पहिलटकरणींच्या बाबतीत हे प्रमाण जास्त असे. मोठ्या झालेल्या बाईच्या अंगात, वर्षानुवर्षं डास चावून, हिवतापाशी झुंजण्याची ताकद आलेली असते. मग पहिल्याच खेपेला ती ताकद जाते कुठे?

याचं उत्तर १९९६ साली मिशल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांना केनियात मिळालं. वारेत काही विशिष्ट साखरेसारख्या पदार्थांच्या साखळ्या असतात आणि त्यांना चिकटून बसणारी हिवतापाच्या जंतूंची एक वेगळी जात तिथे वस्ती करते. पहिलटकरणीच्या शरीरात वार पूर्वी कधी नव्हतीच, त्यामुळे त्या जातीशी तिच्या शरीराची ओळखच झालेली नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत ओळख होते, प्रतिपिंडं तयार होतात आणि बाळाला होणारा धोका कमी होतो. जुन्या सुइणी पहिलटकरणीला जास्त जपा म्हणत. त्यांना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण ही जपणूक योग्यच होती.

गरोदर बाईचं दुखणं ऋतूवर ढकलण्याची सवय मात्र फार जुनी आहे आणि ती फक्त खेड्यातली नाही. त्यासाठी मी आपल्याला जरा मागे, युरोपात नेतो.

एकोणिसाव्या शतकातलं व्हिएन्ना शहर. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तिघींहून कमी. कारण एकच, बाळंतज्वर. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या डॉक्टरांचे पाय धरत.

त्या काळचे मोठमोठे डॉक्टर म्हणत, हा हवेचा दोष आहे. ऋतूचा, जमिनीतून येणाऱ्या वाफांचा, आकाशातल्या प्रभावांचा. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण हंगेरियन डॉक्टर तिथे नोकरीला होता. त्यानं साधा प्रश्न विचारला. दोन्ही विभाग एकाच इस्पितळात आहेत, एक दिवस इकडे भरती, एक दिवस तिकडे. मग आकाशातला प्रभाव एकाच विभागावर कसा पडतो? वर्षाच्या बाराही महिन्यांत कधी मृत्यू जास्त, कधी कमी असत. त्यात हिवाळ्याचा जोर असेल, तर त्याचंही कारण त्यानं शोधलं. हिवाळ्यात विद्यार्थी इस्पितळातच असत आणि शवविच्छेदनाच्या खोलीत जास्त वेळ काम करत. उन्हाळ्यात व्हिएन्नाचा रम्य परिसर त्यांना बाहेर बोलवी.

मग १८४७च्या मार्चमध्ये सेमेलवाइसचे एक सहकारी शवविच्छेदन करताना सुरी लागून वारले. त्यांच्या शरीरात जी लक्षणं दिसली ती बाळंतज्वराचीच होती. सेमेलवाइसला उलगडा झाला. प्रेताला लावलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातलं मृत्यूंचं प्रमाण शंभरात सव्वाच्या आसपास उतरलं. ऋतू तेच होते, आकाश तेच होतं. धुतले होते फक्त हात.

ही गोष्ट मला केनेबाच्या गोष्टीची थोरली बहीण वाटते. दोन्हीकडे ऋतू दिसत होता आणि दोन्हीकडे ऋतूच्या आड माणसाच्या हातातलं काही लपलं होतं. व्हिएन्नात ते डॉक्टरांचे हात होते. केनेबात ते रिकामं ताट होतं, खाचरातलं काम होतं आणि डबक्यातले डास होते.

आता आईच्या शरीरात डोकावू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक कोडं कुणी नीट मांडलंच नव्हतं. परक्या माणसाची कातडी आपल्या अंगावर लावली तर शरीर ती झिडकारून टाकतं. पोटातलं मूल अर्धं वडिलांचं, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनं अर्धं परकंच. मग आईचं शरीर त्याला नऊ महिने कसं सांभाळतं? १९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी हे कोडं मांडलं. १९६० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते प्रतिकारशक्तीवरच्या त्यांच्या इतर संशोधनासाठी. कोड्याची तीन संभाव्य उत्तरं त्यांनीच सुचवली होती. त्यांतलं एक असं की, गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती सुस्तावत असावी.

हे उत्तर लोकांना इतकं पटलं की पुढे अनेक वर्षं तेच पाठ केलं गेलं. गरोदर बाई म्हणजे कमजोर प्रतिकारशक्ती. पण गोष्ट इतकी सोपी निघाली नाही. पहिल्या आठवड्यांत गर्भ गर्भाशयात रुजतो, तेव्हा तिथे प्रतिकारयंत्रणेच्या पेशी गोळा होतात आणि रुजायला मदत करतात. मधल्या काळात शांतता असते. शेवटी बाळंतपण जवळ आलं की यंत्रणा पुन्हा जागी होते, कळा सुरू व्हायला तिचा हातभार लागतो. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने वेळोवेळी तपासले. हे बदल इतक्या नेमानं होतात की त्यांवरून गर्भारपणाचा काळ ओळखता येतो, असं त्यांना दिसलं. त्यांनी त्याला घड्याळ म्हटलं. आईचं शरीर पहारा सोडून झोपत नाही. महिन्यागणिक ते पहाऱ्याची रीत बदलतं.

आणि वर्षाचंही एक घड्याळ आहे. २०१५ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की माणसाच्या रक्तातल्या जवळजवळ एक चतुर्थांश जनुकांचं काम ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं. त्यात प्रतिकारयंत्रणेची बरीच जनुकं होती. युरोपातल्या माणसांत दाह निर्माण करणारी यंत्रणा हिवाळ्यात तेज होते. गांबियातल्या माणसांत रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढतात त्या पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा रोग जास्त तेव्हा. आता हे दोन्ही काटे एकाच शरीरात फिरताहेत अशी कल्पना करा. एक नऊ महिन्यांचा, एक बारा महिन्यांचा. जिचा शेवटचा महिना सुगीत येतो तिची गोष्ट वेगळी. जिचा शेवटचा महिना ऐन भुकेच्या, कष्टाच्या आणि तापाच्या दिवसांत येतो तिची वेगळी.

बाळाला याचा वाटा कसा मिळतो? शेवटच्या महिन्यांत आई आपल्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते. प्रवासाला निघालेल्या लेकराला बांधून दिलेली ती शिदोरीच म्हणा. ढाक्यात २००४-०५ साली काही गरोदर स्त्रियांना फ्लूची लस देण्यात आली. त्यांच्या तान्ह्या बाळांमध्ये तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी आढळला. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. लस आईला दिली होती आणि वाचलं बाळ. त्या प्रकल्पाचं नाव होतं ‘आईची भेट’. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रियांचा क्रम सर्वांत वर लावला.

हा क्रम का लावावा लागला, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट आली ती पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता, धान्य महागलं होतं. हिंदुस्थानात या साथीत किती माणसं गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या, हे तेव्हाच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. घरातल्या आजाऱ्याची उशापायथ्याशी बसून सेवा करायची बाईनं, आणि उरलंसुरलं खायचं तेही बाईनंच. अमेरिकेत जॉन हॅरिस यांनी १९१९ साली त्या साथीतल्या १,३५० गरोदर रुग्णांची माहिती गोळा केली. त्यातल्या २७ टक्के बायका वाचल्या नव्हत्या. ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांच्यातल्या निम्म्या गेल्या. अशी मोजणी आपल्या खेड्यापाड्यांत कुणी केली नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांतल्या कितीतरी जणी त्या लाटेत पोटातल्या जिवासकट गेल्या आणि घरच्यांनी ‘साथ आली होती’ एवढंच पुढे सांगितलं.

पुन्हा केनेबाकडे येऊ, कारण गोष्टीचा चांगला भाग तिथेच आहे. ऋतू बदलता येत नाही, पाऊस मागेपुढे करता येत नाही. मग काय करता येतं? १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत गांबियातल्या २८ खेड्यांत एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांतल्या गरोदर बायकांना पाचव्या महिन्याच्या सुमारापासून रोज दोन बिस्किटं द्यायची. भाजलेले शेंगदाणे, तांदळाचं पीठ, साखर आणि शेंगदाण्याचं तेल, एवढंच त्या बिस्किटांत होतं. उरलेल्या खेड्यांत तीच बिस्किटं बाळंतपणानंतर द्यायची.

निष्कर्ष १९९७ साली जाहीर झाले. वर्षभराचा हिशेब धरला तर बाळांचं जन्माचं वजन सरासरी १३६ ग्रॅमनं वाढलं. भुकेच्या हंगामात ते २०१ ग्रॅमनं वाढलं, सुगीच्या हंगामात ९४ ग्रॅमनं. कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. मेलेली जन्मणारी आणि पहिल्या आठवड्यात जाणारी बाळं जवळजवळ निम्म्यानं कमी झाली. ज्या ऋतूला वाईट म्हणत होते, त्या ऋतूतच बिस्किटाचा गुण जास्त दिसला. नक्षत्राची शांत करून हे झालं नाही. मूठभर शेंगदाण्यांनी झालं.

एका गोष्टीचा उल्लेख प्रामाणिकपणे करायला हवा. जन्माच्या ऋतूचा मोठेपणीच्या मरणाशी असलेला तो दहापटीचा संबंध सगळीकडे सापडला नाही. बांगलादेशातल्या मतलब या भागातही जन्ममृत्यूंच्या नोंदी अनेक वर्षं काटेकोर ठेवल्या आहेत. तिथेही पाऊस आहे, भात आहे, टंचाईचे महिने आहेत. २००४ साली त्याच शास्त्रज्ञांनी त्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा तरुण वयातल्या मृत्यूंचा जन्माच्या ऋतूशी तसा संबंध आढळला नाही. गांबियात टंचाईच्या महिन्यांत जन्मलेल्या तान्ह्यांची थायमस ग्रंथी, म्हणजे छातीतली प्रतिकारपेशी घडवणारी ग्रंथी, लहान असल्याचं दिसलं होतं. पण थोड्या मोठ्या मुलांची प्रतिकारशक्ती तपासली तेव्हा ठळक फरक हाती लागला नाही. विज्ञान असंच चालतं. एका गावची गोष्ट ते दुसऱ्या गावाला जशीच्या तशी लावत नाही.

मला मात्र मतलबच्या या नकारात एक मोठी गोष्ट दिसते. जुलै तिथेही जुलैच असतो. सूर्य, चंद्र, तारे दोन्हीकडे सारखेच. मग परिणाम वेगळा का? कारण आईच्या ताटात काय होतं, पाठीवर किती ओझं होतं, दवाखाना किती लांब होता, हे दोन्हीकडे वेगळं होतं. व्हिएन्नातल्या दोन विभागांसारखंच हे झालं. एकाच आकाशाखाली दोन निकाल लागले, तर दोष आकाशाचा नसतो.

आपल्या महाराष्ट्रातही याचा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या आहाराच्या नोंदी घेतल्या. गरोदर राहण्याआधी त्या बायकांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास. ज्या बायकांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं जास्त भरलेली जन्मली, हे २००१ साली प्रसिद्ध झालं. २००९ सालच्या त्यांच्या आणखी एका लेखात ऋतूचा हिशेब मांडला आहे. बायकांचं खाणं आणि शेतातले कष्ट ऋतूप्रमाणे बदलतात आणि बाळाच्या आकारमानावर त्याची खूण उमटते. म्हणजे केनेबा फार लांब नाही.

मेळघाटात, नंदुरबारात, पालघरच्या डोंगरांत पावसाळा म्हणजे काय, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. नोव्हेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आदिवासी भागासाठी एक योजना सुरू केली. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण. योजनेला नाव दिलं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं. रॉकेटवाल्या माणसाचं नाव भातभाजीच्या ताटाला दिलं, याचा मला आनंद वाटला. पण सरकारी योजना कागदावर बाराही महिने चालते. अंगणवाडीपर्यंतचा ओढा मात्र नेमका त्याच महिन्यांत भरून वाहतो, ज्या महिन्यांत त्या ताटाची गरज सर्वांत जास्त असते. गावानं, पंचायतीनं आणि शेजारपाजारानं लक्ष ठेवायचं ते इथे. जून उजाडायच्या आत आपल्या वाडीवर दोन जिवाच्या बायका किती, त्यांच्या घरात धान्य किती, याची यादी करायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही.

आमचं हिजरी कॅलेंडर चंद्राचं. त्याला ऋतू बांधलेला नाही. दरवर्षी ते दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि साधारण तेहतीस वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. कधी उन्हाळ्यात, कधी ऐन पावसात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, तिच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होणार असेल तर, रोजा पुढे ढकलण्याची मोकळीक आहे. मला नेहमी वाटतं, धर्मानं तिला उपासातून सवलत दिली. तिला खाचरातून सवलत देणं, हंड्यातून, मोळीतून, शेवटी जेवण्यातून सवलत देणं आपल्या हातात होतं. ती आपण दिली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी घरात मूल जन्माला येईल तेव्हा तिथी विचारावी, चाँद विचारावा, त्यात काही गैर नाही. ती आपली जुनी हौस आहे. पण त्याच्या आधी, निदान चार महिने आधी, तिसरा एक प्रश्न विचारायला हवा. तो पंचांगवाल्याला विचारायचा नाही, मौलवीला नाही, डॉक्टरलाही नाही. तो त्या बाईलाच विचारायचा आहे. बाई गं, जेवलीस का?